एक कांजी, बारा उच्चार: ‘जन्म’ आणि ‘जगणं’ सांगणारं जपानी चिन्ह कसं शिकावं

‘१ला’ हे ‘पहिला’ असं वाचायला मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. ‘१½’ दिसलं की तोंडून आपसूक ‘दीड’ येतं, ‘२½’ दिसलं की ‘अडीच’. १०० म्हणजे शंभर, पण २०० म्हणजे दोन शंभर नव्हे, दोनशे. चिन्ह तेच राहतं, पुढेमागे काय आहे ते बघून शब्द बदलतो. म्हणजे आपण शब्द वाचत असतो, सुटं चिन्ह नाही. जपानी कांजीचं, म्हणजे चिनी लिपीतून जपानीत आलेल्या चिन्हांचं, वाचन नेमकं असंच चालतं. मराठीत हा प्रकार आकड्यांपुरता आहे, जपानीत तो सगळ्या लिखाणभर पसरलेला आहे.

कांजी शिकणारे अडकतात ते इथेच. ‘या चिन्हाचा उच्चार काय?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं, मग ते उच्चारांची यादी पाढ्यासारखी घोकतात आणि प्रत्यक्ष वाक्य समोर आलं की यादीतला कोणता उच्चार लावायचा ते कळत नाही. या लेखात एकच कांजी घेऊन तिचा अर्थ, लेखन आणि उच्चार क्रमाने कसे पक्के करायचे ते दिलं आहे. पद्धत बाकीच्या कांजींनाही लागू पडते.

निवडलेली कांजी मुद्दाम अवघड जातीची आहे. ‘सेन्सेइ’ म्हणजे शिक्षक आणि ‘गाकुसेइ’ म्हणजे विद्यार्थी, या दोन्ही शब्दांच्या शेवटी येणारं ते चिन्ह. जपानी मुलं ते पहिलीच्या ८० कांजींमध्ये शिकतात, काढायला फक्त पाच रेघा लागतात. पण २०१० साली सुधारलेल्या, २,१३६ कांजींच्या सरकारी ‘जोऽयोऽ’ यादीत या एका चिन्हापुढे तब्बल बारा उच्चार नोंदवलेले आहेत. हे जमलं की एक-दोन उच्चारांच्या कांजी फार सोप्या वाटतात.

लेखात चिन्हाच्या जागी □ असा रिकामा चौकोन ठेवला आहे. वाचताना त्यात कांजी तुम्ही भरायची.

सुरुवातीची तयारी

हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, अडखळत का होईना पण वाचता यायला हव्यात. त्याआधी कांजीला हात लावू नये. कारण देवनागरी. आपल्या लिपीत जपानी उच्चार लिहिता येतात असं वाटतं, पण दोन ठिकाणी ती दगा देते. जपानीत आखूड ‘ओ’ आणि लांब ‘ओ’ हे वेगळे स्वर आहेत आणि त्यावरून अर्थ बदलतो. देवनागरीत दोन्हीसाठी एकच मात्रा. उलट ‘गाकुसेइ’मधला ‘गा’ आखूड आहे, पण काना-मात्रेमुळे मराठी डोळा तो लांबवतो. इथे लांब स्वर ऽ या खुणेने दाखवले आहेत, पण ही तात्पुरती कुबडी समजा. तुमच्या वहीत उच्चार हिरागानातच लिहा.

काही बाबतींत मात्र मराठी कान कामाला येतो. ‘सेइकात्सु’ (राहणीमान, दैनंदिन जीवन) मधला ‘त्सु’ म्हणजे ‘चुना’मधला चु. हिंदी भाषकाला तो वेगळा शिकावा लागतो, आपल्याला नाही. ‘तान्ज्योऽबि’ (वाढदिवस) मधला ज ‘ज्योती’तला, ‘जहाज’मधला नव्हे. ‘सेइ’ लिहिलं तरी बोलताना तो जवळजवळ लांब ‘सेऽ’ होतो.

फोनवर जपानी कीबोर्ड बसवून घ्या. हिरागानात ‘नामा’ टाइप केलं की सुचवणीत आपली कांजी वरच दिसते. मग ‘सेइ’ टाइप करून पाहा. त्याच उच्चाराच्या कांजींची लांबलचक रांग येते आणि त्यात आपली शोधत बसावं लागतं. सुटा उच्चार किती निरुपयोगी असतो ते इथे पहिल्यांदा कळतं.

पाच रेघा

कीबोर्डवर दिसलेलं चिन्ह मोठं करून पाहा. तीन आडव्या रेघा, त्यांच्या मधून जाणारी एक उभी, आणि वर डावीकडे एक छोटी तिरकी. क्रम असा:

१. वर डाव्या बाजूला छोटी तिरकी रेघ, उजवीकडून खाली डावीकडे. शेवटी पेन हलकं करत सोडून द्यायचं. याला ‘हाराइ’ म्हणतात, झाडूचा फटकारा मारावा तसं.

२. त्या तिरक्या रेघेला साधारण मध्यावर टेकून निघणारी वरची आडवी रेघ, डावीकडून उजवीकडे.

३. उभी रेघ. ती वरच्या आडव्या रेघेच्याही वरून सुरू होते आणि जिथे तळाची रेघ येणार आहे तिथे थांबते. थांबताना पेन क्षणभर टेकवायचं, हा ‘तोमे’. टोकाला आकडा काढायचा नाही.

४. मधली आडवी रेघ, वरच्यापेक्षा किंचित आखूड.

५. तळाची आडवी रेघ, तिन्हींत सर्वांत लांब.

तीन आडव्या रेघांमधलं अंतर सारखं हवं. उभी रेघ तळाच्या खाली आली की अक्षर बिघडतं.

रेघांच्या क्रमाबाबत एक सापळा आहे. चीनच्या शाळांत हेच चिन्ह शिकवताना वरच्या दोन्ही आडव्या रेघा आधी आणि उभी चौथी काढतात. जपानी क्रमात उभी तिसरी येते. काही ॲप आणि व्हिडिओ चिनी क्रम दाखवतात, कारण छापलेलं रूप दोन्हीकडे सारखंच दिसतं. शोधताना जपानी रेघ-क्रम असंच शोधा. परीक्षेत क्रम सहसा विचारत नाहीत, पण फोनवर बोटाने लिहून कांजी शोधताना क्रम बरोबर असेल तर ओळख लवकर पटते आणि अक्षराचा तोलही राहतो.

सरावाला शाळेतली चौकटीची वही उत्तम. शेजारच्या चार चौकटी मिळून एक घर धरा. मधल्या दोन रेषा तुम्हाला फुकटात मिळतात. जपानी सराव-वहीतही घराच्या मध्ये अशीच तुटक अधिकची खूण असते. उभी रेघ त्या उभ्या मध्यरेषेच्या आसपास येईल असं बघा. पहिल्या दिवशी बघून पाच वेळा, मग वही झाकून तीन वेळा. शंभर वेळा गिरवू नका. दहाव्या वेळेनंतर हात चालतो आणि डोकं झोपतं.

लगेच घोटाळा होतो तो जुळ्यांशी. ‘गाय-बैल’ या अर्थाची ‘उशि’ कांजी अगदी अशीच सुरू होते, पण तिला तळाची रेघ नाही आणि तिची उभी रेघ खाली लोंबते. ‘राजा’ची कांजी म्हणजे तीन आडव्या आणि एक उभी, पण तिरकी नाही आणि उभी वर डोकं काढत नाही. त्याच राजाच्या डोक्यावर एक ठिपका ठेवला की ‘मुख्य, मालक’. या चारही एका ओळीत लिहून काढा आणि प्रत्येकीत काय जास्त आहे, काय कमी आहे ते मोठ्याने बोला. ‘सेन्सेइ’ शब्दातली पहिली कांजीही वरच्या अर्ध्यात आपल्या चिन्हासारखीच दिसते, फक्त तिला खाली दोन पाय फुटतात.

अर्थ एकच, फांद्या अनेक

मूळ चित्र जमिनीतून वर येणाऱ्या कोंबाचं आहे. इसवी सन १०० च्या सुमाराचा चिनी कोश ‘श्वोवन च्येत्झं’ हेच सांगतो: मातीतून झाडझाडोरा बाहेर येतो तसा आकार. तळाची रेघ जमीन समजा, बाकीचा कोंब. जुन्या कोशांच्या २१४ मूलघटकांत हे चिन्ह स्वतःच एक मूलघटक आहे, शंभरावा. म्हणजे फोडून पाहायला आत काही नाही.

या कोंबातून सगळे अर्थ निघतात. कोंब येतो, म्हणजे उगवणं: गवत, दात, दाढी. कोंब जन्माला येतो, म्हणजे जन्मणं, आणि कुणीतरी जन्म देतं. आला की तो जगतो. आणि नुकता उगवलेला कोंब अजून कुणी शिजवलेला, वाळवलेला, मळलेला नसतो, म्हणजे कच्चं, ताजं, निर्भेळ.

हा शेवटचा अर्थ पाठ करताना फक्त ‘कच्चा’ हा शब्द धरून ठेवू नका, नाहीतर ‘कच्चा आंबा’ डोक्यात येतो आणि चूक होते. न पिकलेलं फळ सांगायला ही कांजी नेहमीची निवड नाही. हे कच्चेपण प्रक्रिया न झालेल्याचं आहे. मराठीतलं ‘निरसं दूध’ आठवा, न तापवलेलं. ‘नामा’ म्हणजे नेमकं तसं. म्हणून □-तामागो म्हणजे कच्चं अंडं, □-होऽसोऽ म्हणजे थेट प्रक्षेपण (ध्वनिमुद्रण करून ‘शिजवलेलं’ नाही ते), आणि □-गोमि म्हणजे स्वयंपाकघरातला ओला कचरा. जपानमध्ये राहायला गेलेल्यांना हा शेवटचा शब्द पहिल्याच आठवड्यात लागतो. बहुतेक ठिकाणी तो जाळायच्या कचऱ्याच्या दिवशी टाकतात, पण पाणी निथळून.

विद्यार्थी हा अर्थ वेगळा लक्षात ठेवावा लागतो. शब्दाच्या शेवटी ‘-सेइ’ आलं की बहुधा शिकणारा: गाकुसेइ, कोऽकोऽसेइ (उच्च माध्यमिकचा), र्युऽगाकुसेइ (परदेशी विद्यार्थी), इचिनेन्सेइ (पहिल्या वर्षाचा). ‘सेन्सेइ’ मात्र ‘आधी जन्मलेला’.

उच्चारांची दोन घराणी

आपल्याकडे ‘जल’ आणि ‘पाणी’ शेजारी नांदतात. ‘जलप्रदूषण’ म्हणतो, ‘पाणीप्रदूषण’ कानाला खटकतं. ‘पाणपोई’ म्हणतो, ‘जलपोई’ नाही. संस्कृतातून आलेला शब्द संस्कृत शब्दाशी जुळतो, घरचा घरच्याशी. जपानीत चिनी भाषेतून आलेला उच्चार म्हणजे ‘ओन्’, घरचा जपानी शब्द म्हणजे ‘कुन्’. कोशात ओन् काताकानात आणि कुन् हिरागानात छापायची प्रथा आहे, त्यामुळे पान उघडताच कोणतं घराणं ते दिसतं.

आपल्या कांजीचे ओन् दोन: सेइ आणि शोऽ. कुन् दहा: इ-किरु, इ-कासु, इ-केरु, उ-मारेरु, उ-मु, ओ-उ, हा-एरु, हा-यासु, कि, नामा.

ओन् दोन का? कारण चिनी शब्द जपानमध्ये निरनिराळ्या लाटांतून पोहोचले. आधीची लाट बौद्ध धर्माबरोबर आली, तिचा उच्चार ‘शोऽ’. नंतर चीनमधल्या थांग राजवटीच्या काळात राजधानी छांगआनचं बोलणं ऐकून दूत आणि विद्वानांनी ‘सेइ’ आणला. म्हणून बौद्ध वासाच्या शब्दांत ‘शोऽ’ जास्त सापडतो. जन्म, जरा, व्याधी, मृत्यू ही चार दुःखं जपानीत ‘शोऽ-रोऽ-ब्योऽ-शि’ होतात, त्यातलं पहिलं अक्षर आपलं. ‘सेश्शोऽ’ म्हणजे प्राणिहत्या. ‘शुज्योऽ’ म्हणजे सर्व सत्त्वं, सगळे जीव. पंचशील ज्यांच्या तोंडी आहे त्यांना हे शब्द अर्थाने परके वाटणार नाहीत.

व्यवहारातले शब्द, शाळा, सरकार, विज्ञान, यांत बहुधा ‘सेइ’: जिन्सेइ (आयुष्य), सेइकात्सु, सेइतो (शाळकरी विद्यार्थी). पण ‘शोऽ’ला बौद्ध कप्प्यात बंद करू नका. रोजचं आलं, चहात घालतो ते, जपानीत ‘शोऽगा’ आणि त्याची पहिली कांजी हीच.

शेपूट बघून वाचायचं

आता सर्वांत उपयोगी भाग. कांजीच्या मागे हिरागानाचं शेपूट असेल तर त्याला ‘ओकुरिगाना’ म्हणतात. ‘१ला’मधला ‘ला’ जसा सांगतो की ‘एक’ नाही, ‘पहिला’ वाच, तसंच हे शेपूट सांगतं. आपल्या कांजीला शेपूट असलं की (□जिरु, म्हणजे ‘शोऽजिरु’, उद्भवणं, हा अपवाद सोडून) ओन् विसरा, कुन्‌च. आणि कोणता, तेही शेपटाचं पहिलं अक्षर सांगतं:

शेपूट ‘क’च्या ओळीतलं (का, कि, के) असेल तर □ म्हणजे इ. □किरु: जगणं. □कासु: उपयोगात आणणं, जसं ‘केइकेन्-ओ □कासु’, अनुभव कामी लावणं. □केरु: फुलं मांडणं, त्यावरूनच इकेबाना.

शेपूट ‘म’च्या ओळीतलं असेल तर □ म्हणजे उ. □मारेरु: जन्मणं. □मु: जन्म देणं, निर्माण करणं. भूतकाळात □मु चं ‘□न्दा’ होतं, तिथे म जाऊन न् येतो. तरी उच्चार ‘उन्दा’च.

शेपूट ‘ए’ किंवा ‘या’ असेल तर □ म्हणजे हा. □एरु: आपोआप उगवणं. □यासु: उगवू देणं, राखणं. ‘हिगे-गा □एता’ म्हणजे दाढी आली, ‘हिगे-ओ □यासु’ म्हणजे दाढी राखणं. आपण दोन क्रियापदं वापरतो, तिथे जपानीत एकाच कांजीची दोन शेपटं.

शेपूट ‘इ’ असेल तर □ म्हणजे ओ. सुटं ‘ओ-उ’ आजकाल क्वचितच दिसतं. ‘ओइताचि’ (कुणाचं लहानपण कसं गेलं ती हकीकत) किंवा ‘ओइशिगेरु’ (झाडी माजणं) यांत भेटतं.

चार ओळींची ही किल्ली वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बारापैकी आठ उच्चार तिने उघडतात. एक चूक मात्र सतत होते: शिकणारा ‘उमारेरु’ लिहिताना शेपूट कुठून सुरू होतं ते विसरतो आणि ‘□रेरु’ लिहितो. बरोबर आहे □ + मा + रे + रु. कांजीच्या पोटात फक्त ‘उ’ जातो. म्हणून उच्चार नोंदवताना ‘उ-मारेरु’ अशी छोटी रेघ कायम मध्ये घाला.

शेपूट नसेल आणि कांजी एकटीच उभी असेल, म्हणजे मेनूकार्डावर किंवा बिअरच्या कॅनवर, तर ‘नामा’. मागे काताकानातला शब्द असेल तरी ‘नामा’: □-बीऽरु, □-कुरीऽमु.

शेजारी दुसरी कांजी असेल तर

दोन कांजी चिकटून आल्या की पहिला अंदाज ‘सेइ’ लावा, दुसरा ‘शोऽ’. शेजारी खाण्याचा पदार्थ असेल तर ‘नामा’ तपासून बघा. ‘कि’ सर्वांत शेवटी. तो थोड्या शब्दांत येतो, पण ते शब्द घरगुती आहेत: कि-इतो (कच्चं रेशीम), कि-माजिमे (अति सरळमार्गी), कि-जि (कापड, तसंच मळलेली कणीक). ‘कि’मध्ये भेसळ नसल्याचा भाव आहे. नूडल्सच्या जुन्या दुकानांच्या पाटीवर □-सोबा लिहिलेलं असतं ते ‘किसोबा’. तीच दोन अक्षरं सुपरमार्केटातल्या न शिजवलेल्या नूडल्सच्या पाकिटावर ‘नामासोबा’ होतात.

इथून पुढे संदर्भाशिवाय गती नाही. □ आणि ‘वस्तू’ची कांजी: शाळेच्या वेळापत्रकावर ‘सेइबुत्सु’, जीवशास्त्र. थंड पार्सलवर ‘नामामोनो’, नाशवंत कच्चा माल. □ आणि ‘जमीन’: शिंप्याकडे ‘किजि’, चरित्रात ‘सेइचि’ म्हणजे जन्मस्थान. ‘अर्धा’ आणि □: आत्मकथेत ‘हान्सेइ’, अर्धं आयुष्य, मिठाईच्या खोक्यावर ‘हान्नामा’, अर्धवट ओलसर. अशा जोड्या वाचता आल्या नाहीत म्हणून खट्टू होऊ नका, जपानी वाचकही आजूबाजूचं बघूनच ठरवतो.

जोडताना आवाजही घासतात. ‘इचि’ (एक) आणि ‘शोऽ’ मिळून ‘इचिशोऽ’ होत नाही, इश्शोऽ (आयुष्यभर) होतं. ‘तान्’ नंतरचा शोऽ मऊ होऊन तान्ज्योऽ-बि. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या वाचन-प्रश्नांत दिलेले चार पर्याय बरेचदा असेच असतात: एकात ज, एकात श, एकात स्वर आखूड, एकात लांब. म्हणून शब्द कानांनी पक्का हवा, नुसत्या डोळ्यांनी नाही.

फॉर्म भरणाऱ्यांसाठी एक शब्द सगळ्यांत आधी पाठ करावा: सेइनेन्गाप्पि, जन्मतारीख. चार कांजी: □, वर्ष, महिना, दिवस. ‘गात्सु’ आणि ‘हि’ एकमेकांत मिसळून ‘गाप्पि’ झाले आहेत, त्यामुळे सुटे उच्चार जोडून हा शब्द कधीच तयार होत नाही.

कार्डं कशी करायची

बारा उच्चारांचं एक कार्ड करू नका. एक शब्द, एक कार्ड. पुढच्या बाजूला कांजीतला शब्द किंवा चार-पाच शब्दांचं वाक्य, वर फुरिगाना (कांजीवर बारीक अक्षरांत दिलेला उच्चार) न लिहिता. मागे हिरागानातला उच्चार आणि मराठी अर्थ. इंग्रजी अर्थ मध्ये आणू नका. ‘हाएरु’ला मराठीत ‘उगवणं, येणं’ म्हटलं की दाढी, दात, गवत सगळं बसतं. इंग्रजी शब्द मध्ये घातला की ‘वाढणं’शी गल्लत होते आणि मग मूल ‘हाएरु’ झालं अशी वाक्यं जन्माला येतात.

पहिल्या खेपेला चार शब्द पुरेत, प्रत्येक वेगळ्या कुळातला: सेन्सेइ, उ-मारेरु, नामा-तामागो, इ-किरु. तीन दिवसांनी आणखी चार: गाकुसेइ, सेइकात्सु, तान्ज्योऽबि, इश्शोऽ. आठवडा गेला की हा-एरु, जिन्सेइ, सेइनेन्गाप्पि, नामागोमि. बाराव्या शब्दानंतर थांबा. ओइताचि, किजि, इकासु यांची कार्डं ते वाचनात स्वतःहून समोर आले की करायची. भेटल्याशिवाय केलेलं कार्ड आठवडाभरात मरतं.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि महिन्याने. आंकीसारखं ॲप हे अंतर स्वतः सांभाळतं. कागदी कार्डं असतील तर पाच खोक्यांत ठेवा: बरोबर आलं की पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. उत्तर मनात म्हणू नका, मोठ्याने म्हणा, लांब स्वरासाठी बोटाने एक ठोका जास्त द्या. ‘शोऽ’ला दोन ठोके, ‘इश्शोऽ’ला चार: इ, अडकलेला श्, शो, ऽ.

वाक्य स्वतःचं असेल तर उत्तम. ‘वाताशि-वा पुनेऽ-दे □मारेमाशिता’, मी पुण्यात जन्मले किंवा जन्मलो. आपलं गाव घाला.

जिथे किल्ली चालत नाही

‘दीड’ आणि ‘अडीच’ जसे आकड्यांतून फोडून काढता येत नाहीत, तसे दोन शब्द जोऽयोऽ यादीच्या पुरवणीत वेगळे दिले आहेत: शिबाफु म्हणजे हिरवळ, आणि यायोइ म्हणजे जुन्या पंचांगातला तिसरा महिना. इतिहासातल्या यायोइ काळाचं नावही याच कांजींनी लिहितात. हे अख्खे पाठ करायचे, आत शोधाशोध करायची नाही.

नावांचं तर बोलूच नका. माजी पंतप्रधान तारोऽ आसोऽ यांच्या आडनावात आपली कांजी आहे. तेच आडनाव लिहावं तशी अक्षरं असलेला कावासाकी शहरातला विभाग मात्र ‘आसाओ’. शोगीचे (जपानी बुद्धिबळाचे) नामवंत खेळाडू योशिहारु हाबु आणि ऑलिंपिक सुवर्णविजेता स्केटर युझुरु हान्युऽ यांची आडनावं अगदी सारख्याच दोन कांजींनी लिहितात. तोक्यो महानगरातलं फुस्सा, गुन्मातलं किर्युऽ, नारामधलं इकोमा, सगळ्यांत हीच कांजी, दर ठिकाणी वेगळा उच्चार. या चिन्हाला शंभराहून जास्त उच्चार आहेत अशा याद्या फिरतात, त्यांतली मोठी भर अशा नावांचीच. त्या पाठ करण्यात अर्थ नाही. जपानी फॉर्मवर नावाच्या वर फुरिगानाची वेगळी ओळ असते ती याचसाठी, आणि समोरच्याला ‘आपलं नाव कसं वाचायचं?’ असं विचारणं तिथे अजिबात उद्धट नाही.

हीच कांजी दुसऱ्यांच्या पोटात

मेहनतीचं व्याज इथे मिळतं. डावीकडे ‘मन’ आणि उजवीकडे आपली कांजी: स्वभाव, लिंग. डावीकडे ‘स्त्री’: आडनाव. वर ‘सूर्य’ आणि खाली आपली: तारा. डावीकडे ‘गाय’: बळी. चारही नवीन कांजी, आणि चारहींचा ओन् उच्चार ‘सेइ’. म्हणजे आपलं चिन्ह तिथे आवाज पुरवतं आणि शेजारचं चिन्ह विषय सांगतं. फॉर्मवरचे ‘दान्सेइ’ (पुरुष) आणि ‘जोसेइ’ (स्त्री) हे शब्द आता न शिकताही वाचता येतील.

जुनी लाटही सोबत आलेली आहे: स्वभावाची कांजी ‘आइशोऽ’ (दोघांचं पटणं) मध्ये, आडनावाची ‘ह्याकुशोऽ’ (शेतकरी) मध्ये, ताऱ्याची ‘म्योऽज्योऽ’ (शुक्राची चांदणी) मध्ये ‘शोऽ’ होते. मात्र पोटात आपली कांजी दिसली की डोळे मिटून ‘सेइ’ म्हणू नका. ‘उत्पादन’ या अर्थाच्या कांजीतही ती तळाशी आहे आणि तिचा ओन् ‘सान्’ आहे.

दहा दिवसांनी स्वतःला तपासा

उत्तरं झाकून वाचा: (१) □किते इरु (२) □ + वर्ष + महिना + दिवस (३) □एनाइ (४) □न्दा (५) एक + □ (६) □-बीऽरु (७) माणूस + □ (८) पार्सलवर □ + वस्तू (९) □मारेता (१०) □कासु.

उत्तरं: इकिते इरु, सेइनेन्गाप्पि, हाएनाइ, उन्दा, इश्शोऽ, नामाबीऽरु, जिन्सेइ, नामामोनो, उमारेता, इकासु.

शेपटाच्या शब्दांत, म्हणजे १, ३, ४, ९ आणि १० मध्ये चूक झाली तर कार्डं वाढवू नका. चार ओळींची किल्ली परत लिहून काढा आणि तीच दहा शब्दांवर चालवून बघा. २, ५ किंवा ७ चुकलं असेल तर तो शब्द ऐकलेला नाही असं समजा. कोशातलं ध्वनिमुद्रण लावून पाच वेळा मागून म्हणा. ८ चुकून ‘सेइबुत्सु’ झालं असेल तर प्रश्नात ‘पार्सलवर’ लिहिलं होतं ते नजरेतून सुटलं.